कानांनी पाहिलेली रहस्ये

परवा निपाणीहून बेळगावास यावयाचा प्रसंग आला. गाडी तवंदीचा घाट चढू लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारच्या आसनावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी खिडकीला डोके टेकून, डोळे मिटून बसली होती. एकाएकी ती दचकली आणि मग स्वतःशीच हसली. “काय झालं, बाळ?” असे विचारता ती म्हणाली, “काही नाही ओ काका, दार वाजलं बघा.” गाडीचे दार तर बंद होते. “हे नव्हे ओ, गोष्टीतलं दार,” असे म्हणून तिने कानातील एक इअरफोन काढून माझ्या हाती दिला. मी तो कानाशी नेला. एक इंग्रजी रहस्यनाट्य चालले होते. पावसाची संततधार, लाकडी जिन्यावरची पावले, कुलपात फिरणारी किल्ली आणि एका स्त्रीचा रोखून धरलेला श्वास! “यापेक्षा सिनेमा का पाहत नाहीस?” या माझ्या प्रश्नावर तिने दिलेले उत्तर अजून माझ्या मनात घोळत आहे. ती म्हणाली, “सिनेमात त्यांचं घर दिसतंय की काका. ह्याच्यात आमचं घर दिसतंय.”

श्रोतेहो, त्या एका उत्तरात शंभर वर्षांच्या एका कलेचे मर्म सामावलेले आहे. आज जिला ‘पॉडकास्ट’ म्हणतात त्या नव्या साधनावर जुन्या नभोवाणीच्या धर्तीची रहस्यनाट्ये पुन्हा बहरली आहेत, आणि ज्यांच्या जन्मापूर्वीच घरोघरचे रेडिओ मुके होऊ लागले होते अशी मुले ती आवडीने ऐकत आहेत. हे कसे घडले, आणि आपल्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाला या घटनेत विशेष काय आहे, एवढाच विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

या कलेचा जन्म अंधारात झाला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून बी.बी.सी.ने रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाचे ‘डेंजर’ हे नाटक ध्वनिक्षेपित केले. केवळ नभोवाणीसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. त्याची घटना वेल्समधील एका कोळशाच्या खाणीत घडते. खाण पाहावयास आलेल्या मंडळींचे दिवे अकस्मात जातात आणि पुढे सर्व काही काळोखात होते. लेखकाची योजकता पाहा. श्रोत्याला काही दिसत नाही ही या नव्या माध्यमाची उणीव होती. ह्यूज यांनी पात्रांनाही त्याच अंधारात नेऊन ठेवले. पात्र आणि श्रोता एकाच जागी चाचपडू लागले, आणि उणीव होती तिचेच बळ झाले. रहस्यकथा आणि नभोवाणी यांचे सख्य जमले ते येथून. रहस्यात काहीतरी लपवावयाचे असते, आणि डोळ्यांपासून सर्वच लपवून ठेवणे हा तर नभोवाणीचा स्वभावच आहे.

अमेरिकेत या सख्याला मोठा बहर आला. १९३० नंतर ‘द शॅडो’ हा अदृश्य नायक घराघरांत पोहोचला. ‘इनर सँक्टम’ ही मालिका १९४१ पासून १९५२ पर्यंत चालली. तिची ओळख म्हणजे आरंभी करकरत उघडणारे एक दार. ‘सस्पेन्स’ ही मालिका तर १९४२ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे चालू होती. तिच्यात १९४३ साली सादर झालेले ‘सॉरी, राँग नंबर’ हे नाटक आजही आदर्श मानले जाते. अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला टेलिफोनच्या तारा चुकून जुळल्यामुळे खुनाचा कट ऐकू येतो, आणि ती ज्याला त्याला फोन करून मदत मागत राहते. येथे नायिकाही ऐकतच असते आणि आपणही ऐकतच असतो. ऑर्सन वेल्स यांनी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी सादर केलेल्या मंगळावरील आक्रमणाच्या नाटकाची कथा सर्वश्रुत आहे. त्या रात्री उडालेल्या घबराटीचे वर्णन वृत्तपत्रांनी बरेच फुगवून केले होते, असे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे. तथापि निव्वळ आवाजाच्या बळावर काही श्रोत्यांची खात्री पटली, ही गोष्ट खोटी नव्हे. इंग्लंडात अगाथा ख्रिस्ती यांनी राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त १९४७ साली एक छोटे नभोनाट्य लिहिले. त्यातूनच १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘द माउसट्रॅप’ हे नाटक उभे राहिले आणि त्याने दीर्घ प्रयोगांचा विक्रम केला. त्या विख्यात नाटकाचे मूळ असे कानांत आहे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालविणारी खाजगी कंपनी १९३० साली बुडाली आणि सरकारने तो व्यवसाय हाती घेतला. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. मराठी माणसाला रहस्याची गोडी लावावयास नभोवाणीची गरज नव्हती. ते कार्य बाबुराव अर्नाळकरांनी केले होते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड हे मराठी मुलांचे सवंगडीच होते. परंतु वाचलेले रहस्य आणि ऐकलेले रहस्य यांत अंतर आहे. पुस्तकाचे शेवटचे पान अधीर वाचक आधी उलटून पाहू शकतो. नभोवाणीला शेवटचे पान नव्हते. श्रोत्याला थांबणे भागच होते.

मराठीने या नव्या प्रकारासाठी ‘नभोनाट्य’ आणि ‘श्रुतिका’ असे दोन सुरेख शब्द घडविले. मुंबईपाठोपाठ १९५३ साली पुण्याचे केंद्र सुरू झाले. १९५५ साली त्या केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा घरेच्या घरे ठरल्या वेळी रेडिओभोवती बसू लागली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच १९५५ साली मुंबई केंद्रावरून ‘वेडी माणसं’ ही एकांकिका सादर झाली. तिचे लेखक रत्नाकर मतकरी हे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. पुढे मराठी गूढकथेत ज्यांचे नाव अग्रभागी आले त्या लेखकाचा आरंभ नभोवाणीवर झाला, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिच्या ‘हवामहल’मध्ये झलक्या आणि छोटी नाटके असत. १९६७ साली विविध भारतीवर जाहिरातींना प्रवेश मिळाला, आणि पुढे ‘इन्स्पेक्टर ईगल’सारख्या प्रायोजित मालिकेतून हिंदी पोलीस अधिकारी मराठी स्वयंपाकघरातही येऊन पोहोचला.

हा सर्व इतिहास मुंबई-पुण्याचा झाला. तेच आवाज बेळगावच्या किंवा निपाणीच्या माणसाने कसे ऐकले, ही कथा थोडी निराळी आहे.

धारवाडचे केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले तेव्हा धारवाड आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, आणि २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र १९५६ साली मुंबई राज्यातच राहिला. अशा रीतीने एकाच बाजारहाटाचा, एकाच सोयरिकीचा मुलूख दोन राज्यांत विभागला गेला. शाळेची पुस्तके बदलली, कचेरीचे कागद बदलले, गाडीवरील पाट्या बदलल्या. त्या रेषेवर झालेली आंदोलने, महाजन आयोग आणि न्यायालयातील दावा यांचा इतिहास मोठा आहे. तो आजचा विषय नव्हे. येथे एवढेच पाहावयाचे की, त्या रेषेपाशी ध्वनिलहरी थांबल्या नाहीत.

रेडिओचा काटा फिरविला की निपाणीच्या माणसाला दोन्ही राज्ये एका बोटाच्या अंतरावर भेटत. धारवाड जवळ होते. १९६३ साली सांगलीचे केंद्र सुरू झाले तेव्हा या भागाला मराठीचे शेजारघर मिळाले. पलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलातील गोव्याचे केंद्र होते, आणि गोवा मुक्त झाल्यावर तेथे आकाशवाणी आली. रात्र पडली की मुंबईही ऐकू येऊ लागे. यात चमत्कार काही नव्हता. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्भारित कणांचा एक खालचा थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग त्याच लहरी अधिक उंचीवरील थरावर आपटून परत पृथ्वीकडे वळतात आणि शेकडो मैल दूर जाऊन पोहोचतात. परंतु तो थर स्थिर नसल्यामुळे आवाज मध्येच बुडे आणि मध्येच वर येई. खुन्याचे नाव उच्चारले जावयाच्या क्षणी आवाज बुडाला, तर त्या घरात दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत वाद चाले! रहस्यनाट्याचा काही भाग असा आकाशानेच लिहिलेला असे.

त्या काळी रेडिओ ही सर्वांच्या घरची वस्तू नव्हती. त्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. गच्चीवर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणून बांधलेली असे. रेडिओ लावला की आतील दिवे तापेपर्यंत वाट पाहावी लागे, आणि मग तो हिरवा डोळा हळूहळू उघडे. म्हणून एका घरच्या रेडिओभोवती चार घरची माणसे जमत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ शेतावर, दुकानात, कामावर जाऊ लागला. निपाणी हे विडीच्या तंबाखूचे मोठे केंद्र. विड्या वळणाऱ्या बाईचे हात पानात आणि डोळे हातात गुंतलेले असतात. मोकळे राहतात ते फक्त कान. अशा श्रमात जी कला साथ देऊ शकते ती कानांचीच होय.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऐकणाऱ्याचे कान एकभाषी नव्हते. कन्नड नाटक लागले म्हणून बेळगावात रेडिओ बंद होत नसे. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती. सोलापुरात प्राध्यापकी करून ते १९५६ साली धारवाड आकाशवाणीचे सल्लागार झाले. ज्या वर्षी दोन भाषांच्या मध्ये राज्याची रेषा पडली, त्याच वर्षी दोन्ही भाषांत नांदणारा एक कवी त्या ध्वनिक्षेपकापाशी येऊन बसला, हे आपण विसरू नये.

मग ही कला ओसरली का? कारण उघड आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीने १९६२ पर्यंत नभोनाट्यांचे युग जवळजवळ संपविले. आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन १९७२ साली आले आणि पुढील वीस वर्षांत संध्याकाळची बैठक रेडिओकडून पडद्याकडे वळली. मात्र या दोन ओहोटींत एक फरक आहे. अमेरिकेतील कित्येक मालिका तबकड्यांवर मुद्रित झाल्या होत्या. महायुद्धाच्या काळात परदेशी असलेल्या सैनिकांना ऐकविण्यासाठी त्यांच्या प्रती जगभर पाठविल्या गेल्या, आणि त्यातील पुष्कळ टिकल्या. म्हणून आज तेथील तरुण लेखक आपल्या आजोबांच्या काळचे नाटक जसेच्या तसे ऐकू शकतो, त्यापासून शिकू शकतो. आपली पुष्कळशी नभोनाट्ये हवेत गेली ती तेथेच विरली. ज्यांनी ती ऐकली त्यांच्या स्मरणात काही आवाज उरले आहेत, आणि ती माणसेही आता थोडी उरली आहेत.

नव्या बहराचा वृत्तांत थोडक्यात असा. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली इंग्रजीत प्रथम योजला गेला. २०१२ साली ‘वेलकम टू नाइट व्हेल’ हे नाट्य सुरू झाले. वाळवंटातील एका काल्पनिक गावाचे छोटे रेडिओ केंद्र आणि त्यावरून सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारिक बातम्या, हे त्याचे रूप. २०१५ साली ‘लाइमटाउन’ आणि ‘द ब्लॅक टेप्स’ ही रहस्ये आली. जुन्या मालिकांचे सर्व अलंकार त्यांत आहेत. भाग ऐन क्षणी तोडणे आहे, निवेदकाचा विश्वासात घेणारा स्वर आहे, करकरणारी दारेही आहेत. २०१७ साली ‘स्टोरीटेल’ ही स्वीडनमधील कंपनी भारतात आली आणि तिने आरंभापासूनच मराठीला स्थान दिले. नारायण धारपांसारख्या लेखकांच्या भयकथा त्यामुळे नव्या पिढीच्या कानी पडू लागल्या.

तंत्रही बदलले आहे. पूर्वी घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आपटीत, विजेसाठी पत्र्याचा तुकडा हलवीत, आगीसाठी चकचकीत कागद चुरगळीत. आज प्रत्यक्ष पाऊस मुद्रित करून आणता येतो. दोन कानांत दोन निराळे आवाज सोडून पाऊल डावीकडून उजवीकडे गेल्याचा भास करविता येतो. खोलीला रजया लावून घरच्या घरी मुद्रण करणारे तरुण आहेत. त्यांना उंच मनोरा लागत नाही, पोस्टातील परवाना लागत नाही, आणि रात्र पडण्याची वाटही पाहावी लागत नाही.

येथे काही रसिक आक्षेप घेतील. पूर्वी चार घरे मिळून ऐकत, आज शेजारी बसलेल्यालाही काही ऐकू येत नाही. ही कसली प्रगती? आक्षेप खरा आहे. सामुदायिक भीतीत एक दिलासा असतो. एकजण दचकला की दुसरा हसतो. तो आनंद एकट्या कानाला नाही. परंतु त्या मुलीने मागितल्यावाचून एक इअरफोन काढून अनोळखी वृद्धाच्या हाती दिला, हेही मी पाहिले आहे. ऐकलेले रहस्य मनात ठेवणे माणसाला आजही जड जाते.

माझी खरी चिंता दुसरीच आहे. “ह्याच्यात आमचं घर दिसतंय,” असे ती म्हणाली. घर तिचे होते, पण बोलणे मात्र परक्याचे होते. जुन्या काळीही आपल्या वाट्याला फार निराळे आले नाही. नभोनाट्यातील खुनी, डिटेक्टिव्ह आणि नायिका ही बहुधा मुंबई-पुण्याचे प्रमाण मराठी बोलत. सीमाभागाची बोली आली तर ती गंमत म्हणून येई. या बोलीचे रूप संपूर्ण माणूस म्हणून उभे करणारा मोठा अपवाद म्हणजे पु. ल. देशपांडे. ते काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, आणि ‘गणगोत’मधील त्यांचे ‘रावसाहेब’ हे कन्नड वळणाचे मराठी बोलत महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. वाचकाने त्या बोलीला हसता हसता तिच्यावर प्रेम केले. प्रकाश नारायण संतांच्या लंपननेही हेच वळण कथेत जपले. पण या बोलीत भय आहे, संशय आहे, गुपित आहे, याची परीक्षा अजून व्हावयाची आहे.

रहस्यनाट्याला तर अशा बोलीइतके उत्तम साधन नाही. त्या नाट्यात माणसाचा चेहरा नसतो. त्याची ओळख उच्चारावरून होते. निपाणीचा म्हणून सांगणारा एखादा पाहुणा बोलण्यात एकदाही ‘की’ आणि ‘ओ’ आणत नाही. घरच्या आजीला तेवढ्यावरून शंका येते. अक्का म्हणावे तेथे तो ताई म्हणतो, आणि दचकला की कन्नडमध्ये न पुटपुटता तिसऱ्याच भाषेत पुटपुटतो. यापेक्षा चांगला धागा कोणत्या डिटेक्टिव्हला हवा? आणि आवाजांचा तर येथे खजिना आहे. बेळगावच्या किल्ल्याच्या तटावर कोसळणारा आषाढातील पाऊस, विडीचे पान कापणाऱ्या कात्रीची लय, तंबाखूच्या वखारीतील खोकला, दोन भाषांत थांब्याची नावे पुकारणारा कंडक्टर, आणि मध्यरात्री महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींचा घाटातील घरघराट! ‘नाइट व्हेल’च्या लेखकांना आपले गाव कल्पनेने वसवावे लागले. आपले गाव वसलेले आहे. ते मुद्रित करणारा तेवढा हवा.

पूर्वी हे घडले नाही यात सीमेवरच्या माणसाचा दोष नव्हता. ध्वनिक्षेपक दूरच्या शहरात असे, आणि ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडची भाषा. आता तो अडसर निघाला आहे. म्हणून यापुढे आपली बोली या कलेत आली नाही, तर ती उणीव आपली असेल. भाषा टिकविण्याच्या गोष्टी आपण सभांतून पुष्कळ करतो. तेथे भाषेचे रक्षण होते, परंतु भाषा जिवंत राहते ती तिच्यात माणूस हसला, रडला आणि घाबरला म्हणजे. ज्या भाषेत आपण मुलांना भुताची गोष्ट सांगणे सोडले, तिची पुढची पिढी धोक्यात आहे असे समजावे.

तेव्हा दोन साध्या सूचना करून हे भाषण पुरे करतो. आपल्या घरी ज्यांनी जुनी नभोनाट्ये ऐकली अशी वडीलधारी माणसे असतील, तर त्यांना एखाद्या संध्याकाळी बसवून ती गोष्ट सांगावयास लावा आणि त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवा. नाटक गेले असले तरी ते ऐकणारा आवाज अजून हाती लागण्याजोगा आहे. दुसरे असे की, एखादे मराठी वा कन्नड रहस्यनाट्य निवडा, दिवा मालवा, इअरफोन बाजूला ठेवा आणि घरातील सर्वांनी मिळून ऐका. कोण आधी दचकतो ते पाहा.

वंटमुरीचा घाट उतरून गाडी काकतीपाशी आली तेव्हा ती मुलगी उतरण्याच्या तयारीला लागली. नाटक संपले नव्हते. “खुनी कोण, ते कळले का?” मी विचारले. “नाही ओ, पुढच्या आठवड्यात आहे,” ती म्हणाली, आणि मग जरा थांबून म्हणाली, “काका, अशी आमच्या भाषेतली आहेत का हो?” माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. ते आता आपणा सर्वांपाशी मागत आहे.